फियाट की अ‍ॅम्बॅसॅडर : मध्यम मोटार आणि न्याय्य किमतीचा वाद

स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ तीन दशके भारतातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटार घ्यायची झाली, तर निवड मुख्यतः दोनच नावांत होती. एक मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट आणि दुसरी कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड हे तिसरे नाव होते, पण तिची संख्या या दोघींच्या मानाने बरीच कमी राहिली. घेणाऱ्याला चिंता असे ती गाडी घाटात गरम होते का, पावसात बंद पडते का, दहा वर्षांनी तिचे सुटे भाग मिळतील का, याची. सरकार, अर्थतज्ज्ञ आणि न्यायालये यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. बहुसंख्य लोक पायी किंवा बैलगाडीने फिरतात अशा देशात मोटार कोणाला मिळावी, किती भावाने मिळावी आणि तो भाव कोणी ठरवावा? या दोन प्रश्नांची गुंतागुंत म्हणजेच भारतातल्या मध्यम आकाराच्या मोटारीचा इतिहास.

जुळणीकडून निर्मितीकडे

पहिल्या महायुद्धानंतर भारतात मोटारींची मागणी वाढली आणि परदेशी कंपन्यांनी बंदरांजवळ जुळणीचे कारखाने काढले. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ साली सुरू झाला. फोर्डनेही मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने येत आणि इथे फक्त जोडले जात. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा यांपैकी काहीच इथे बनत नसे.

हे चित्र बदलण्याचा निर्धार सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी केला. जहाजबांधणी आणि विमान कारखान्यासाठी झटणाऱ्या या उद्योगपतीने अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांशी बोलणी केली आणि अखेर क्रायस्लरशी करार झाला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि प्लीमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी, १९४२ साली, गुजरातेत ओखा बंदराजवळ सुरू झाली होती. पुढे ती उत्तरपाड्याला गेली. तिने इंग्लंडच्या मॉरिस कंपनीच्या आराखड्यांवर गाड्या बनवल्या.

कलाटणी मिळाली ती १९५३ साली. टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी भारतात बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्याच कंपन्यांना या धंद्यात राहू द्यावे. ही अट मान्य नसल्याने जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातले काम गुंडाळले. मैदानात राहिलेल्यांना संरक्षण मिळाले. त्याच निर्णयाने ग्राहकाची निवड मात्र आकसली.

अमेरिकन बनावटीच्या अवजड गाड्या पेट्रोल फार खात आणि त्यांची किंमतही मोठी होती. प्रीमियरने म्हणून इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. १९५१ पासून छोटी फियाट ५०० आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. पुढच्या गोलसर तोंडवळ्यामुळे ११०० च्या जुन्या अवताराला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९५७च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरची अ‍ॅम्बॅसॅडर आली. १९६४ साली कोनदार, सरळ रेषांची फियाट ११०० डी बाजारात आली. पुढे तिचेच नामांतर होऊन ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी मुंबईकरांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

चैनीची की गरजेची?

मोटार ही चैनीची वस्तू मानायची की गरजेची, हा वाद नियोजनाच्या काळात वारंवार झाला. परकीय चलन तुटपुंजे होते आणि १९५७-५८ च्या चलनसंकटाने ते आणखी आटले. एक मोटार बनवण्यासाठी आयात करावे लागणारे सुटे भाग आणि पोलाद यांवर खर्च होणारे परकीय चलन ट्रक, बस किंवा यंत्रसामग्रीसाठी वापरता आले असते. त्यामुळे योजनांमध्ये व्यापारी वाहनांना अग्रक्रम मिळाला आणि खासगी मोटार मागे राहिली.

या धोरणामागे ठोस विचार होता आणि महाराष्ट्रातही त्याची मुळे सापडतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाऱ्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातल्या आणि लहान गावातल्या माणसाला मोटारयुगाचा पहिला लाभ बसमुळेच मिळाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि तिकिटाचे पैसे असणाऱ्या कोणालाही मोटारीत बसण्याची सोय झाली. एका फियाटच्या किमतीत सामान्य माणसाची हयातभराची एस.टी.ची तिकिटे निघाली असती. सार्वजनिक पैसा आणि परकीय चलन आधी बसला द्यावे, हे म्हणणे म्हणूनच योग्य होते आणि त्याची बाजू आजही पडलेली नाही.

वाढत्या उत्पन्नाचा वाटा नेमका कोणाकडे गेला, हा प्रश्न १९६० च्या दशकात ऐरणीवर आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपाचा अभ्यास करण्यासाठी महालनोबिस समिती नेमली गेली. पाठोपाठ मक्तेदारी चौकशी आयोग आला आणि १९६९ साली मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा झाला. बिर्ला आणि वालचंद या दोन्ही उद्योगघराण्यांच्या मोटार कंपन्या या वातावरणात संशयाने पाहिल्या जात. एका बाजूला त्यांना स्पर्धेपासून संरक्षण होते आणि दुसऱ्या बाजूला उत्पादन वाढवायला सरकारचा परवाना लागे. कारखान्याने किती गाड्या बनवाव्यात हे मागणीवरून ठरत नसे, ते परवान्यावरून ठरे.

स्वस्त ‘जनता गाडी’ची कल्पनाही याच वादातून पुढे आली. लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० च्या सुमारास कमी किमतीच्या छोट्या मोटारीचा पुरस्कार केला, पण अग्रक्रमाच्या यादीत तिला जागा मिळाली नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पकतेने घडवली आणि तिच्या सुधारित आवृत्त्याही तयार केल्या. सरकारी पाठबळाअभावी तीही कारखान्यापर्यंत पोहोचू शकली नाही. स्वस्त गाडीची भाषा सर्वत्र ऐकू येत असली तरी रस्त्यावर दिसत राहिल्या त्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडरच.

रांग आणि ‘ऑन’

मागणी जास्त आणि पुरवठा कमी असताना भाव मोकळे सोडले, तर गाडी सर्वाधिक पैसे देणाऱ्याकडे जाणार हे उघड होते. ते टाळण्यासाठी १९५९ साली मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. खरेदीदाराने विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. काही गाड्या सरकारी कोट्यासाठी राखीव असत. गाडी मिळाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत ती विकायला बंदी होती.

हेतू स्वच्छ होता. ज्याने आधी नाव नोंदवले त्याला आधी मिळावे आणि पैशाच्या जोरावर कोणी पुढे घुसू नये. प्रत्यक्षात या व्यवस्थेचे दोन दोष लवकरच उघडे पडले. पहिला दोष असा, की रांगेत उभे राहण्याचीच किंमत मोठी होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडरची किंमत पंधरा हजार रुपयांच्या आसपास होती आणि देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न हजार रुपयांपेक्षा कमी. रांगेतला प्रत्येक जण समाजाच्या अगदी वरच्या थरातला होता. त्याला बाजारभावापेक्षा कमी दरात गाडी देणे म्हणजे गरिबाला काहीही न देता सुखवस्तू माणसाला सवलत देणे होते.

दुसरा दोष काळ्या बाजाराचा. नियंत्रित किंमत आणि लोक द्यायला तयार असलेली किंमत यांतला फरक कुठे तरी जिरणारच होता. हातात आलेली नवी फियाट ‘ऑन’, म्हणजे वरची जादा रक्कम, घेऊन विकली की छापील किमतीवर घसघशीत रक्कम सुटे. विक्रीबंदीची मुदत टाळण्यासाठी कागदोपत्री मालक एक आणि वापरणारा दुसरा, असे व्यवहार होत. फियाटची प्रतीक्षायादी अनेक वर्षांची असे, त्यामुळे तिच्यावरचा ‘ऑन’ अ‍ॅम्बॅसॅडरपेक्षा जास्त असे. वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीइतक्या किंवा त्याहून अधिक भावाला विकली जाण्याचा उफराटा प्रकार याच रांगेने जन्माला घातला. सरकारने सोडून दिलेला आणि कारखान्याला न मिळालेला हा पैसा मधल्या माणसाच्या खिशात गेला.

न्यायालयात पोहोचलेली किंमत

१९६९ साली सरकारने तिन्ही कंपन्यांच्या मोटारींच्या कारखाना-किमती कायद्याने ठरवून दिल्या. खर्च भरून निघत नाही, अशी तक्रार करत कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार हा खटला भारतीय किंमत-नियंत्रणाच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा आहे. न्याय्य किंमत नेमकी किती, हे तपासण्यासाठी चौकशी आयोग बसला. साहित्याचा खर्च, मजुरी, घसारा, विक्रेत्याचे कमिशन, हमीच्या काळातली दुरुस्ती अशा प्रत्येक बाबीची छाननी झाली. न्यायालयाचा निर्णय १९७१ च्या अखेरीस आला. किंमत ठरवण्याचा सरकारचा अधिकार मान्य झाला, पण ती ठरवताना वाजवी खर्च आणि गुंतवलेल्या भांडवलावर सोळा टक्के परतावा धरला पाहिजे, असे तत्त्व मांडले गेले. खर्च वाढेल तशी किंमत वेळोवेळी सुधारून घेण्याची वाटही त्यातून मोकळी झाली.

न्याय्य किंमत म्हणजे कोणासाठी न्याय्य, हा प्रश्न या निकालाने स्पष्टपणे पुढे आला. ग्राहकाला कमी किंमत हवी होती आणि भागधारकाला परतावा. कामगाराला त्याच उत्पन्नातून मजुरी आणि बोनस हवा होता. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रोत्साहन भत्त्याच्या योजनेवरून उभा राहिलेला वाद १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाला कितपत हस्तक्षेप करता येतो, याविषयीचा तो आधारभूत निर्णय मानला जातो. मुंबईच्या एकाच कारखान्याने देशाला किंमत आणि कामगार या दोन्ही विषयांवरचे महत्त्वाचे निकाल दिले. यावरून या गाडीभोवती किती हितसंबंध एकवटले होते ते दिसते.

मोटारींवरचे किंमत-नियंत्रण १९७५ मध्ये उठले. तोपर्यंत १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झाले होते आणि मागणीच काही काळ थंडावली होती. देशात वर्षाला तयार होणाऱ्या मोटारींची संख्या त्या दशकात पन्नास हजारांच्या आतच राहिली.

भरवशाची गाडी कशी ठरे?

तुटवड्याच्या या काळात ‘भरवशाची गाडी’ या कल्पनेला खास भारतीय अर्थ आला. इतरत्र न बिघडणारी गाडी भरवशाची मानली जाई. इथे भरवशाची गाडी म्हणजे जी बिघडली तरी जवळच्या गॅरेजमध्ये, मिळेल त्या हत्यारांनी, परवडेल त्या पैशांत पुन्हा चालू होते ती. नव्या गाडीतच दोष निघत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करावी लागली. ग्राहक मात्र चौकशीच्या निष्कर्षावर अवलंबून नव्हता. त्याचा भरवसा मिस्त्रीवर होता.

दोन्ही गाड्यांची रचना सोपी होती. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे आणि अ‍ॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे. कार्बुरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, प्लग बदलणे ही कामे अनेक मालक स्वतः करत. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे, त्यामुळे पुढे तिघे बसू शकत. वजनाने हलकी आणि पेट्रोलला काटकसरी असल्याने ती शहरातल्या डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि टॅक्सीवाल्यांच्या पसंतीस उतरली. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी जाऊन ती बंद पडे आणि किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस न भरल्यास ते झिजत. अ‍ॅम्बॅसॅडर जड आणि प्रशस्त. मागचे पाटे दणकट, डिकी मोठी आणि खडबडीत रस्त्यावर ती निर्धास्त चाले. म्हणून सरकारी खाती, पुढारी, साखर कारखान्यांचे संचालक आणि ग्रामीण भागातली मोठी कुटुंबे तिच्याकडे वळली.

सुट्या भागांचा बाजार ही या भरवशाची दुसरी बाजू होती. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातली दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी नवे, जुने आणि लेथवर घडवलेले भाग मिळत. इंजिन बोअर करून देणारे, बुश ठोकणारे, पत्रा सरळ करणारे कारागीर गावोगावी तयार झाले. शाळा अर्धवट सोडलेल्या हजारो तरुणांना या गॅरेजांनी हातात कसब दिले आणि रोजगार दिला. गाडीचे आराखडे दशकानुदशके तेच राहिले, यावर सर्वाधिक टीका झाली, पण त्याच स्थिरतेने सुटे भाग स्वस्त ठेवले आणि मिस्त्रीचे ज्ञान कालबाह्य होऊ दिले नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने फियाटच्या भरवशाला जाहीर प्रमाणपत्र दिले. जी गाडी दिवसरात्र दोन पाळ्यांत, भरतीच्या पाण्यातून आणि वाहतूककोंडीतून चालते ती घरच्या वापरात सहज टिकेल, असा खरेदीदाराचा साधा हिशेब होता. टॅक्सीवाल्यासाठी तर गाडी म्हणजे पोटापाण्याचे साधन. मोटार ही निव्वळ चैन आहे या सरसकट विधानाला त्याचे रोजचे कष्ट हेच उत्तर होते.

मारुतीनंतरची निवड

१९८० साली सरकारने बंद पडलेली मारुती कंपनी ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. पन्नास हजार रुपयांच्या आसपास किंमत, ७९६ सीसीचे इंजिन आणि पेट्रोलचा भरपूर ‘अ‍ॅव्हरेज’ यांमुळे लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ नोंदणी केली. रांग पुन्हा लागली, पण या रांगेला शेवट दिसत होता, कारण कारखाना खरोखरच मोठ्या संख्येने गाड्या बनवत होता. जी स्वस्त गाडी जुने परवाना-धोरण वीस वर्षे देऊ शकले नव्हते, ती सरकारी भांडवल आणि परदेशी तंत्रज्ञान यांच्या एकत्र येण्याने मिळाली.

मध्यम आकाराच्या गाडीतही हालचाल झाली. १९८० च्या दशकाच्या मध्याला हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आणि निस्सान इंजिनची प्रीमियर ११८ एनई आली. मारुती १००० ही १९९० मध्ये आली. १९९१ च्या उदारीकरणात मोटारींचा परवाना लगेच रद्द झाला नाही, तो १९९३ मध्ये झाला. त्यानंतर देवू सिएलो, फोर्ड एस्कॉर्ट, ओपल अ‍ॅस्ट्रा आणि १९९८ मध्ये होंडा सिटी अशा गाड्या बाजारात उतरल्या. टाटांची इंडिका आणि २००२ ची इंडिगो पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यातून आल्या.

या नव्या काळात ज्या परदेशी कंपन्यांनी भारतातून काढता पाय घेतला, त्यांच्या गाड्यांचे मालक सुट्या भागांसाठी अडकून पडले. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याण-डोंबिवली पट्ट्यात बनवलेली ३०९ हे याचे ठळक उदाहरण. भागीदारी काही वर्षांतच संपली. कंपनी टिकेल का, जवळ सर्व्हिस सेंटर आहे का, विकताना किती येतील, हे प्रश्न त्यामुळे खरेदीदाराच्या यादीत कायमचे वरच्या जागी गेले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अ‍ॅम्बॅसॅडरचे २०१४ मध्ये. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

वाद किमतीकडून कराकडे

किंमत-नियंत्रण आणि परवाने गेले तरी न्यायाचा वाद संपला नाही, तो करात शिरला. २००० च्या दशकात उद्योगाच्या वर्गवारीत ४००१ ते ४५०० मिलिमीटर लांबीची गाडी मध्यम आकाराची मानली जाई. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. पेट्रोलसाठी इंजिनाची मर्यादा १२०० सीसी आणि डिझेलसाठी १५०० सीसी. या मोजपट्टीने जुनी पद्मिनी लहान गाडी ठरली असती आणि अ‍ॅम्बॅसॅडर मध्यम. पुढे काही कंपन्यांनी मध्यम गाड्यांची डिकी आखूड करून त्या चार मीटरच्या आत बसवल्या.

२०१७ च्या वस्तू व सेवा कराने २८ टक्के कर आणि वर आकारानुसार वाढता उपकर ठेवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन लहान गाडीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के असे दोन दर झाले. महाराष्ट्रातला रस्ता कर किमतीच्या टप्प्यांनुसार चढत जातो आणि कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला तो अधिक भरावा लागतो. जास्त देऊ शकणाऱ्याने जास्त द्यावे, हे तत्त्व यामागे आहे. १९५९ च्या आदेशापेक्षा ही पद्धत निश्चितच चांगली आहे. फरकाचा पैसा ‘ऑन’ म्हणून दलालाकडे जात नाही, तो सरकारी तिजोरीत येतो.

तिजोरीत आलेला हा पैसा कशावर खर्च होतो, यावर मात्र न्यायाचे खरे मोजमाप अवलंबून आहे. बस, लोकल आणि पादचाऱ्यांसाठीच्या वाटा यांवर तो खर्च झाला, तर मोटार न घेणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. फक्त उड्डाणपूल आणि वाहनतळांवर झाला, तर जास्त कर भरणाराच त्याचा लाभार्थी ठरतो. गाडी घेणाऱ्याने भरवशाची, दुरुस्तीला सोपी आणि गरजेपुरत्या आकाराची गाडी निवडण्यात गैर काही नाही. गाडी नसलेल्याचा प्रवासही तितकाच भरवशाचा करणे हे काम किमतीच्या चिठ्ठीने कधी झाले नाही. ते सार्वजनिक खर्चानेच होऊ शकते, असे या सात दशकांच्या अनुभवातून दिसते.